एलिस ऑल्मस्टेडचे प्रकरण : दारूबंदीच्या काळातील स्त्री कादंबरीत आणताना

१७ नोव्हेंबर १९२४ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिअ‍ॅटल शहरात केंद्र सरकारच्या दारूबंदी अधिकाऱ्यांनी एका घरावर धाड घातली. हे घर रॉय ऑल्मस्टेड याचे होते. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो याच शहराच्या पोलीस दलात लेफ्टनंट होता; आता तो कॅनडातून चोरटी दारू आणणाऱ्या, त्या भागातील सर्वांत मोठ्या टोळीचा प्रमुख झाला होता. याच घरातून केएफक्यूएक्स नावाचे रेडिओ केंद्र चालत असे, आणि त्याची पत्नी एलिस संध्याकाळी या केंद्रावरून लहान मुलांसाठी निजण्याच्या वेळच्या गोष्टी वाचत असे. श्रोते तिला ‘आंट व्हिव्हियन’ या नावाने ओळखत. अधिकाऱ्यांना त्या संध्याकाळी घरात दारू सापडली नाही. तेव्हा त्यांनी घरातील माणसांना जागच्या जागी रोखून धरले, घरातलाच फोन उचलला आणि यजमानांच्या नावाने ओळखीच्या मंडळींना येताना बाटल्या घेऊन येण्याचा निरोप दिला. जे आले ते पकडले गेले.

पुढे मोठे आरोपपत्र दाखल झाले आणि त्यात एलिसचेही नाव आले. फेब्रुवारी १९२६ मध्ये ज्यूरीने रॉयला दोषी ठरवले. त्याला चार वर्षांची कैद आणि ८,००० डॉलर दंड झाला. एलिस निर्दोष सुटली. तिच्या नावाला मात्र एक वदंता कायमची चिकटली : ती मुलांना सांगत असलेल्या गोष्टींमध्ये सांकेतिक निरोप असत आणि समुद्रातील बोटींना त्यावरून माल कुठे उतरवायचा हे कळत असे. हा आरोप कधीही सिद्ध झाला नाही.

दारूबंदीच्या काळात दारूची चोरटी वाहतूक करणाऱ्या स्त्रीवर ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्याला यापेक्षा मोहात पाडणारे प्रकरण मिळणे कठीण आहे. मला या लेखात एवढेच तपासायचे आहे, की हा मोह कादंबरीकाराने स्वीकारावा की टाळावा, आणि टाळला तर हाती काय उरते. माझे मत आरंभीच सांगतो : सांकेतिक गोष्टींची कल्पना खरी मानून लिहिलेली कादंबरी या स्त्रीवरही अन्याय करील आणि त्या काळावरही, कारण त्या घरात प्रत्यक्षात जे घडत होते ते या वदंतेपेक्षा अधिक नाट्यमय होते आणि ते सगळे रेडिओच्या नव्हे, फोनच्या तारेभोवती घडत होते.

धंद्याची रचना

अमेरिकेच्या राज्यघटनेतील अठरावी दुरुस्ती १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने ती रद्द झाली; सर्वसाधारण वाचकाला दारूबंदीचा काळ म्हणून हीच तेरा-चौदा वर्षे माहीत असतात. सिअ‍ॅटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यात मात्र मतदारांनी १९१४ मध्येच कौल दिला होता आणि १ जानेवारी १९१६ पासून तिथे दारूची दुकाने बंद झाली होती. या राज्यातील स्त्रियांना मताधिकार १९१० मध्ये, म्हणजे संपूर्ण देशातील स्त्रियांच्या दहा वर्षे आधी, मिळालेला होता. त्यामुळे १९२४ सालचे सिअ‍ॅटल हे नुकत्याच लागू झालेल्या कायद्याने गोंधळलेले शहर नव्हते. आठ वर्षे बंदी, आठ वर्षे पळवाटा आणि आठ वर्षे हप्ते यांची सवय झालेले ते शहर होते. कादंबरीतील पात्रांना दारूबंदीचे नवल वाटत असल्याचे दाखवले, तर ते त्या जागेपुरते खोटे ठरेल.

रॉय ऑल्मस्टेडला १९२० मध्ये माल उतरवताना पकडण्यात आले, ५०० डॉलर दंड झाला आणि पोलीस दलातून काढून टाकण्यात आले. नोकरी गेल्यावर त्याने हाच धंदा पूर्णवेळ आणि व्यवस्थितपणे उभा केला. हा खटला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; त्या न्यायालयाच्या निकालपत्रात या व्यवसायाचे जे वर्णन आहे ते एखाद्या मोठ्या पेढीच्या वार्षिक अहवालासारखे वाचता येते. भागीदारांनी भांडवल जमा केले होते : ऑल्मस्टेडचे १०,००० डॉलर आणि इतर अकरा जणांचे प्रत्येकी १,०००. नफ्याचा अर्धा वाटा ऑल्मस्टेडचा आणि उरलेला अर्धा बाकीच्यांचा. कामाला किमान पन्नास माणसे होती आणि त्यांत हिशेबनीस, विक्रेते, माल पोहोचवणारे, टेहळणी करणारे, वसुली करणारे आणि एक वकीलसुद्धा होता. दोन समुद्रगामी जहाजे होती, किनाऱ्यावर वापरायच्या लहान बोटी होत्या, शहराबाहेर एक शेतघर घेऊन तिथे जमिनीखाली मोठे गोदाम केले होते. काही दिवशी २०० पेट्यांपर्यंत विक्री होई. एखाद्या मंदीच्या महिन्यातही १,७६,००० डॉलरची विक्री होत असे आणि वर्षाची उलाढाल वीस लाख डॉलरच्या वर गेली असावी, असे न्यायालयाने नोंदवले आहे.

माल यायचा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून. तिथे १९२१ पासून सरकारी दुकानांतून दारू विकली जात होती आणि निर्यातीलाही मनाई नव्हती; मात्र अमेरिकेत जाणाऱ्या मालावर पेटीमागे २० डॉलरचे शुल्क होते. ते वाचवण्यासाठी कागदोपत्री जहाज मेक्सिकोला निघालेले दाखवत. प्रत्यक्षात ते हारो सामुद्रधुनीपर्यंतच जाई. तिथे डार्सी नावाचे एक लहानसे बेट आहे. कॅनडा सरकारने चिनी कुष्ठरुग्णांना कित्येक वर्षे याच बेटावर एकाकी ठेवले होते, त्यामुळे तिथे कुणी सहसा फिरकत नसे. माल तिथे उतरवला जाई आणि वारा-पाऊस असलेल्या, गस्तीची जहाजे बंदरातच थांबण्याची शक्यता असलेल्या रात्री लहान वेगवान बोटी तो प्युजेट साउंड या सिअ‍ॅटलजवळच्या खाडीच्या किनाऱ्यावर आणत.

हे तपशील मी विस्ताराने देतो त्यामागे कारण आहे. दिवसाला २०० पेट्या असा हिशेब धरला, तर फक्त शुल्काच्या चुकवेगिरीतून दिवसाला ४,००० डॉलर वाचत होते. याचा अर्थ असा, की या धंद्याचा प्राण बंदुकीत नव्हता. तो कागदपत्रांत, हवामानाच्या अंदाजात आणि फोनवर घेतलेल्या मागणीत होता. ऑल्मस्टेड आपल्या माणसांना शस्त्रे बाळगू देत नसे आणि दारूत भेसळ करत नसे, अशी त्याची ख्याती होती. अशा धंद्यात स्त्रीला काम करण्यासाठी पुरुषी वेश करावा लागत नाही, पिस्तूल चालवावे लागत नाही. तिला लिहिता-वाचता येणे, आवाज ओळखता येणे आणि तोंड बंद ठेवता येणे पुरेसे होते. नायिकेला चाकाशी बसवून धूम ठोकायला लावणाऱ्या लेखकाचे नेमके इथे दुर्लक्ष होते.

तारेवर बसलेले कान

ऑल्मस्टेडच्या मुख्य कचेरीत तीन वेगवेगळ्या तारांवरचे तीन फोन होते. प्रमुखांपैकी एक जण तिथे सदैव हजर असे. तो मागणी टिपून घेई आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसांना रवाना करी. भरवशाच्या गिऱ्हाइकांना हे फोन क्रमांक दिलेले असत. भागीदारांच्या घरांतही फोन होते. पकडलेल्या माणसांना सोडवण्यासाठी सिअ‍ॅटलच्या पोलिसांशी होणारी बोलणी आणि अधिकाऱ्यांना पैसे पोहोचवण्याची आश्वासनेही याच फोनवर होत.

केंद्रीय दारूबंदी खात्याच्या चार अधिकाऱ्यांनी या तारांना जोडण्या करून कित्येक महिने हे बोलणे ऐकले. जोडण्या एका मोठ्या कार्यालयीन इमारतीच्या तळघरात आणि घरांजवळच्या रस्त्यांवर केल्या होत्या. कुणाही आरोपीच्या मालमत्तेत पाऊल टाकले नव्हते, आणि पुढे सगळा वाद याच मुद्द्यावर फिरला. ऐकलेल्या बोलण्याची टंकलिखित पाने ७७५ झाली. वॉशिंग्टन राज्याच्या स्वतःच्या कायद्यानुसार अशा रीतीने फोन ऐकणे हा गुन्हा होता. अधिकारी केंद्राचे होते आणि तोडत होते राज्याचा कायदा.

कादंबरीकाराने इथे थांबून नीट विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण ऑल्मस्टेडला हे माहीत होते. फोन चोरून ऐकणाऱ्या एका माणसाने स्वतःहून त्याच्याकडे येऊन टिपणांची चळत पुढे केली होती आणि पैशांची मागणी केली होती. ऑल्मस्टेडने त्याला वाटेला लावले. राज्याच्या कायद्याने जो गुन्हा आहे तो पुरावा म्हणून न्यायालयात टिकणारच नाही, असा माजी पोलीस अधिकाऱ्याला शोभणारा त्याचा हिशेब होता. पुढे तो या तारेचा उलटा उपयोगही करू लागला : फोनवर खोटी जागा, खोटी वेळ सांगायची आणि खरा निरोप बाहेरच्या सार्वजनिक फोनवरून द्यायचा.

आता या घरात राहणाऱ्या स्त्रीची परिस्थिती डोळ्यांसमोर आणावी. घरातल्या फोनवर परके कान आहेत, हे तिला नवऱ्याकडून कळले असेल किंवा नसेल. कळले असेल, तर किराणावाल्याशी, मैत्रिणीशी, डॉक्टरशी बोललेला प्रत्येक शब्द कुणीतरी टिपून घेत आहे या जाणिवेत तिला दिवस काढायचे आहेत. कळले नसेल, तर नवऱ्याचे फोनवरचे बोलणे मध्येच बदलते, तो अर्ध्या रात्री कोट चढवून कोपऱ्यावरच्या फोनकडे जातो, याचा अर्थ तिला स्वतःच लावायचा आहे. दोन्ही शक्यतांतून एक पूर्ण कादंबरी उभी राहते. आणि संध्याकाळी तीच स्त्री मायक्रोफोनसमोर बसून, स्वतःच्या इच्छेने, शहरभरच्या अनोळखी कानांशी बोलते. तिचा एक आवाज चोरून ऐकला जातो आणि दुसरा ती उघडपणे देते. इतिहासाने हा विरोध आयता हाती दिला आहे.

वदंतेची तपासणी

सांकेतिक गोष्टींची कथा लोकांना का पटली, हे समजणे अवघड नाही. चोरट्या दारूच्या पैशावर उभे राहिलेले रेडिओ केंद्र, त्याच घरातील मुलांचा कार्यक्रम, आणि पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडकडून आलेली, बोलण्यात हुशार अशी बाई. त्यातच केंद्राची यंत्रसामग्री उभारणारा तंत्रज्ञ आल्फ्रेड हबर्ड पुढे सरकारी बाजूला जाऊन मिळाला. संशयाला लागणारे सगळे साहित्य हजर होते.

परंतु धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर ही कल्पना फार काळ टिकत नाही. माल कोणत्या रात्री हलवायचा हे वाऱ्यावर, धुक्यावर आणि गस्तीच्या हालचालींवर ठरत असे. असा निर्णय मुलांच्या कार्यक्रमाच्या ठरलेल्या वेळेची वाट पाहू शकत नाही. रेडिओवरचा निरोप एकतर्फी असतो : बोटीला तो मिळाला की नाही हे किनाऱ्यावर कळत नाही, आणि पेटीमागे रोख पैसे गुंतवणारा व्यापारी पोच न मिळणाऱ्या निरोपावर विसंबत नाही. शिवाय ज्याच्या फोनवर सरकार बसले आहे हे त्याला ठाऊक आहे, तो माणूस कुणालाही ऐकता येईल अशा माध्यमातून गुपित सांगेल, हे मानायचे तर त्याच्याजवळ सार्वजनिक फोनसारखा सोपा मार्ग होता, ही गोष्ट विसरावी लागते. शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. खात्याजवळ ७७५ पाने होती, पन्नासांहून अधिक माणसांची नावे होती, टोळीतून फुटलेले साक्षीदार होते. तरीही ज्यूरीने एलिसला सोडले.

यावर असा आक्षेप येईल, की कादंबरी म्हणजे न्यायालय नव्हे आणि लेखकाला शक्यतेचे स्वातंत्र्य आहे. हे स्वातंत्र्य मलाही मान्य आहे. पण त्या स्वातंत्र्याची एक किंमत असते आणि ती लेखकाऐवजी दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडते. खऱ्या नावाने वावरणारी एलिस कादंबरीत संकेत पाठवताना दाखवली, की न्यायालयाने दिलेली मुक्तता वाचकाच्या मनात पुसली जाते आणि तिच्या जागी कल्पित गुन्हा बसतो. म्हणून या प्रकरणापुरता माझा निर्णय स्पष्ट आहे : नायिकेचे नाव वेगळे ठेवावे, केंद्राचे नाव बदलावे, आणि वदंता कादंबरीत आणायचीच असेल तर ती वदंता म्हणूनच आणावी. शेजारीपाजारी कुजबुजत आहेत, वर्तमानपत्रे सूचक मजकूर छापत आहेत, एखादी आई आपल्या मुलाला त्या केंद्रापासून दूर ठेवू लागली आहे आणि नायिकेला हे सगळे ऐकावे लागत आहे, असे दाखवता येईल. गोष्ट सांगणाऱ्या स्त्रीवर तिच्याच गोष्टींतून अर्थ लादले जातात, हे दुःख खरे आहे आणि ते संकेत-लिपीच्या रहस्यापेक्षा खोल जाते.

दुसऱ्या बाजूच्या स्त्रिया

या प्रकरणाचा अभ्यास करताना मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते एका वेगळ्याच गोष्टीने. एलिसच्या भोवती, तिच्या विरुद्ध बाजूला, तीन स्त्रिया उभ्या आहेत, आणि तिघींच्याही हाती या प्रकरणाचा एकेक धागा आहे.

पहिली क्लारा व्हिटनी. धाडीचे नेतृत्व करणाऱ्या विल्यम व्हिटनी या अधिकाऱ्याची ती पत्नी होती आणि चोरून ऐकलेल्या बोलण्याची टिपणे तिने टंकलिखित केली. खटल्यात अधिकाऱ्यांनी साक्ष देताना स्मरण ताजे करण्यासाठी जी पाने वापरली, ती मुळात एका स्त्रीच्या बोटांखालून आली होती. दोन नवरे एकमेकांचे शत्रू, आणि एकाची पत्नी दुसऱ्याच्या पत्नीच्या घरातले बोलणे दिवसेंदिवस कागदावर उतरवत बसलेली. कादंबरीत मी या दोघींना एकदाही समोरासमोर आणणार नाही. क्लाराला नायिकेचा स्वभाव, तिची बोलण्याची लकब, तिच्या घरातले रुसवेफुगवे ठाऊक होतील आणि नायिकेला क्लाराचे अस्तित्वही न्यायालयात पाने उलटली जाईपर्यंत कळणार नाही.

दुसरी बर्था लँडीस. १९२४ च्या उन्हाळ्यात सिअ‍ॅटलचे महापौर पक्षाच्या अधिवेशनासाठी न्यूयॉर्कला गेले असताना नगरपरिषदेच्या अध्यक्ष या नात्याने त्या हंगामी महापौर होत्या, आणि तेवढ्या अवधीत त्यांनी पोलीस प्रमुखालाच पदावरून दूर केले. महापौरांनी परतल्यावर त्याला पुन्हा नेमले. पण लँडीस यांनी हार मानली नाही. मार्च १९२६ मध्ये, ऑल्मस्टेड खटल्याचा निकाल लागून काही आठवडेच झाले असताना, त्या निवडणूक जिंकून महापौर झाल्या. अमेरिकेतील मोठ्या शहराच्या महापौरपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या. शहर स्वच्छ करू पाहणाऱ्या स्त्रिया आणि शहराला दारू पुरवणाऱ्या घरातील स्त्री या एकाच पिढीच्या, एकाच मताधिकाराच्या वारसदार होत्या, हे कादंबरीत यायला हवे.

तिसरी मेबल वॉकर विलब्रँट. १९२१ ते १९२९ या काळात अमेरिकेच्या साहाय्यक महान्यायवादी म्हणून देशातील सर्व दारूबंदी खटल्यांची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि सर्वोच्च न्यायालयात त्या वारंवार सरकारची बाजू मांडत. ऑल्मस्टेडचे अपील तिथे पोहोचले तेव्हा मात्र त्यांनी ते स्वतः चालवण्यास नकार दिला, कारण फोन चोरून ऐकण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. कायद्याची सर्वांत कठोर रखवालदार स्त्री या एका ठिकाणी मागे सरते. हा तपशील वाचला तेव्हा मला या प्रकरणाविषयी खरा आदर वाटला.

यांच्यासोबत आणखी दोन स्त्रियांची नावे मी लेखकाच्या टेबलावर तुलनेसाठी ठेवीन. बहामातील नासाऊ येथे घाऊक दारूचा परवाना घेऊन उघडपणे स्कॉच विकणारी गर्ट्रूड लिथगो ही अमेरिकन स्त्री कायद्याच्या सीमेपलीकडे उभी राहून व्यापार करत होती आणि तिने त्या काळात मोठे नाव कमावले. याउलट मिशिगनमधील लॅन्सिंगची एटा मे मिलर ही दहा मुलांची आई. थोडीशी जिन विकल्याबद्दल चौथ्यांदा दोषी ठरल्याने डिसेंबर १९२८ मध्ये तिला त्या राज्याच्या कायद्यानुसार जन्मठेप सुनावण्यात आली. देशभर संताप उसळला, कायदा बदलावा लागला आणि पुढे ती सुटली. परवानाधारक व्यापारी, प्रतिष्ठित घरातील गृहिणी आणि गल्लीत बाटली विकणारी गरीब आई : त्याच दशकात, त्याच दारूबंदीच्या छायेत तिघींच्या वाट्याला आलेले भोग इतके भिन्न होते. नायिका यांपैकी कोणत्या पायरीवर उभी आहे हे लेखकाने पहिल्या पानापूर्वी ठरवले पाहिजे, कारण तिला किती धोका आहे, पकडली गेल्यास वकील मिळेल की नाही, वर्तमानपत्र तिच्याविषयी कोणत्या सुरात लिहील, हे सारे त्यावर ठरते.

नायिका उभी करताना

माझी नायिका घरातून हिशेब पाहील. ती कल्पित असल्यामुळे तिला धंद्यात प्रत्यक्ष भाग घ्यायला लावण्याचे स्वातंत्र्य मला आहे, आणि ते मी घेईन. मात्र तिचे काम त्या व्यवसायाच्या खऱ्या रचनेतूनच निघाले पाहिजे. मागणीची वही, पेटीमागचा दर, मेक्सिकोच्या नावाने भरलेले कागद, कुणाला किती हप्ता गेला याची नोंद, हे तिच्या हाती असेल. तिच्या पराक्रमाचा प्रसंग समुद्रात घडणार नाही. तो फोनवर घडेल, आणि नमुन्यादाखल त्याचा एक तुकडा इथे देतो :

‘फोन वाजला तेव्हा ती वहीतली बेरीज तिसऱ्यांदा करत होती. पलीकडचा माणूस नेहमीचाच होता आणि नेहमीसारखाच मोठ्याने बोलत होता. बारा पेट्या, शनिवारी, मागच्या दाराने. तिने बारा लिहिले, मग पेन्सिल थांबवली. तारेवर दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येतो का, हे ती आठवडाभर प्रत्येक वेळी ऐकत होती आणि तिला प्रत्येक वेळी काहीच ऐकू आले नव्हते. तिने सांगितले, की शनिवारी घरी पाहुणे आहेत, सोमवारी या. माणूस चिडला. सोमवारी म्हणजे फार उशीर होईल, असे त्याने सुनावले. ती शांतपणे म्हणाली, पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही. मग तिने कोट घातला, पाच सेंटची दोन नाणी खिशात टाकली आणि औषधांच्या दुकानातल्या फोनवरून त्याला शनिवारचाच वार सांगितला.’

हा तुकडा बेतताना मी दोन पथ्ये पाळली. तिला काय ऐकू येत नाही, यावर भर दिला. कारण चोरून ऐकले जाण्याची भीती आवाजाने सिद्ध होत नाही. आणि तिच्या तोंडी एकही टाळीचे वाक्य घातले नाही. धंद्यातील माणसे फोनवर साधे बोलतात, आणि या प्रकरणातील सर्वांत मोठा पुरावा अशाच साध्या बोलण्याचा बनला होता.

तिची नैतिक बाजू मी सोपी करणार नाही. ऑल्मस्टेडची दारू भेसळीची नव्हती, याचा अर्थ त्या दारूने कुणाचे घर उद्ध्वस्त केले नाही असा होत नाही. दारूबंदीची चळवळ ज्या स्त्रियांनी १८७४ पासून संघटना उभारून चालवली, त्यांनी नवऱ्यांची व्यसने आणि रिकामी चूल पाहिलेली होती. त्यांना केवळ अरसिक म्हणून रंगवणे हा खोटेपणा होईल. नायिकेला तिच्या मागच्या दाराशी अशी एखादी गिऱ्हाइकाची पत्नी भेटली पाहिजे आणि तिच्या प्रश्नाला नायिकेजवळ पटण्यासारखे उत्तर असता कामा नये.

निकाल आणि मराठी वाचक

४ जून १९२८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ऑल्मस्टेडची शिक्षा कायम केली. मुख्य न्यायमूर्ती टॅफ्ट यांचे म्हणणे असे होते, की अधिकारी घरात शिरले नाहीत आणि त्यांनी कोणतीही वस्तू जप्त केली नाही, त्यामुळे गैरवाजवी झडती आणि जप्तीला मनाई करणाऱ्या, घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा भंग झाला नाही. अल्पमतात असलेल्या न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी, माणसाला त्याच्या वाटेला न जाता शांतपणे राहू देणे हा सुसंस्कृत समाजातील सर्वांत मोलाचा हक्क आहे, असे मत नोंदवले. १९६७ मध्ये कात्झ खटल्यात न्यायालयाने आपली जुनी भूमिका सोडून दिली.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला तेव्हा अमेरिकेतील बंदी उठून सोळा वर्षे होऊन गेली होती. तोच अधिनियम, पुष्कळ बदलांनंतर, महाराष्ट्रात आजही लागू आहे. चोरून नोंदवलेल्या बोलण्याचा पुरावा चालतो की नाही, हा प्रश्नही मुंबईतूनच आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला : आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, मुंबईच्या कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) लाचेच्या मागणीचे फोनवरील ध्वनिमुद्रण न्यायालयाने १९७२ मध्ये ग्राह्य धरले. तिथे बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती होती. सिअ‍ॅटलच्या त्या घरात कुणाचीही नव्हती. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, तेव्हा त्या निकालपत्रात ब्रँडाइस यांच्या अल्पमताचीही चर्चा झाली. मराठी वाचकासाठी लिहिणाऱ्याला हे कादंबरीत सांगण्याची गरज नाही, परंतु हे माहीत असलेला लेखक धाडीच्या प्रसंगात फोनकडे अधिक काळजीने पाहील.

कादंबरी कुठे संपवावी

ऐतिहासिक तपशील लेखकाला पुढे पुढे ओढत नेतात. रॉयने शिक्षा भोगली, तुरुंगात त्याचा कल धर्माकडे वळला, १९३१ मध्ये तो सुटला, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३५ च्या नाताळच्या दिवशी त्याला माफी दिली. पुढे तो कैद्यांमध्ये काम करत राहिला. ही एका पुरुषाच्या परिवर्तनाची चांगली कथा आहे, आणि म्हणूनच ती या कादंबरीत नसावी. धाडीपासून निकालापर्यंतची पंधरा महिन्यांची मुदत नायिकेची आहे. त्यानंतरच्या नोंदी तिच्या नवऱ्याच्या आहेत आणि त्यांत ती केवळ त्याची पत्नी म्हणून उरते.

म्हणून मी फेब्रुवारी १९२६ मध्ये थांबेन. निकालाच्या दिवशी ती मोकळी होते आणि तिचा नवरा दोषी ठरतो. दोघांच्या विरुद्ध वापरलेली पाने मात्र तीच आहेत. त्या पानांत तिचे स्वतःचे किती बोलणे आहे, त्यातले किती तसेच बोलले गेले होते आणि किती टंकलेखन करणारीने आपल्या समजुतीप्रमाणे जुळवले, हे तिला जाणून घ्यायचे आहे. वकिलाच्या कचेरीत जाऊन ती त्या टंकलिखित प्रतीची मागणी करते आणि वकील तिला सांगतो, की ती सुटली आहे, आता तिला त्याची आवश्यकता नाही. ती मागणी मागे घेत नाही. नवऱ्याच्या वरच्या न्यायालयातील अपिलासाठी नक्कल लागेलच, असे म्हणून ती समोरची खुर्ची ओढते आणि पान एकपासून वाचायला बसते.